लेकाच्या बार मित्स्वाला नेमका हाच पराशा

पत्र थोडक्यात असं : "आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, ठाण्यात राहतो. येत्या पेसाख सणानंतर माझा मुलगा तेरा वर्षांचा, म्हणजे धर्माच्या दृष्टीने जाणता होतोय, त्याचा बार मित्स्वा आहे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्या हज्जानांनी तारीख काढून दिली, तर त्या शब्बाथला, म्हणजे शनिवारी, ताझ्रिया आणि मेत्सोरा हे दोन पराशे (तोराचे आठवड्याचे वाचनाचे भाग) एकत्र येतात. मुलाला नवव्या वर्षापासून कोड आहे. दोन्ही हातांवर, ओठांच्या कडेला आणि एका डोळ्याभोवती. त्याने आपणहून मराठी भाषांतर काढून वाचलं. पांढरे चट्टे, महारोगी, छावणीबाहेर एकटं राहावं, सगळं वाचलं. रात्री दिवा मालवल्यावर विचारलं, 'आई, हे माझ्याबद्दल लिहिलंय का?' मला उत्तर देता आलं नाही. सासूबाई म्हणतात, तारीख बदला, लोकांच्या तोंडी विषय कशाला द्यायचा. नात्यातले एक काका म्हणतात, हा आजार म्हणजे चहाडीची शिक्षा असं रब्बींनीच सांगितलंय, मुलाने त्यातून धडा घ्यावा. नवरा काहीच बोलत नाही. तारीख बदलू का? आणि मुलाला काय सांगू?"

शालोम ताई,

तुमच्या लेकाच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, बाकीचं मागाहून. नाही, तो अध्याय त्याच्याबद्दल लिहिलेला नाही. पण त्या अध्यायात दोन ओळी अशा आहेत, ज्या मी त्याच्याच मानते. भाषांतर भरभर चाळताना त्या निसटतात, कारण तोवर वाचणाऱ्याचा जीव घाबरलेला असतो.

तोरामधल्या वायीक्रा (लेवीय) या पुस्तकाचा तेरावा अध्याय उघडा, ओवी 38 आणि 39. तिथे म्हटलंय की पुरुषाच्या किंवा बाईच्या अंगावर पांढरे डाग दिसले, तर कोहेनने, म्हणजे याजकाने, ते पाहावेत. डाग फिकट पांढरे असतील, तर तो 'बोहक' आहे, कातडीवर उमललेला. आणि मग दोनच शब्द येतात : ताहोर हू. तो शुद्ध आहे. ना सात दिवस वेगळं ठेवायचं, ना पुन्हा तपासायचं, ना कसलं अर्पण. पाहिलं, ओळखलं, झालं.

आता हे बघा. आजच्या हिब्रूत कोडाला 'बहेकेत' म्हणतात. शब्द याच बोहकवरून आलाय. म्हणजे आधुनिक हिब्रूत या त्वचेला नाव द्यायची वेळ आली, तेव्हा त्साराअत हा त्या अध्यायातल्या अशुद्ध ठरणाऱ्या डागांचा शब्द घेतला गेला नाही, तर तोराने ज्याला शुद्ध म्हटलं तोच शब्द घेतला गेला. तुमचा मुलगा इस्राएलमधल्या दवाखान्यात गेला तर त्याच्या कागदावर हाच शब्द येऊ शकेल. हे त्याला आज रात्रीच सांगा. पत्राचा उरलेला भाग उद्या वाचलात तरी चालेल.

मग 'महारोग' कुठून आला? भाषांतरातून. मूळ शब्द त्साराअत. ग्रीकमध्ये तोरा नेताना त्याला 'लेप्रा' म्हटलं गेलं, आणि ग्रीकमध्ये लेप्रा म्हणजे खपल्या धरणारी, खरबरीत कातडी. पुढच्या शतकांमध्ये तोच शब्द कुष्ठरोगाला चिकटला, आणि युरोपातून आलेल्या भाषांतरांच्या वाटेने मराठीत महारोग, कुष्ठरोग झाला. कुष्ठरोगाचा जंतू 1873 साली नॉर्वेत हान्सेन यांना सापडला. त्या आजाराची लक्षणं आणि तेराव्या अध्यायातलं वर्णन जुळत नाही. कोड तर कुष्ठरोगही नव्हे आणि संसर्गही नव्हे. शरीराची स्वतःची संरक्षण व्यवस्था त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर उलटते, एवढंच ते. हे तुम्हाला त्वचारोगतज्ज्ञांनी सांगितलं असेलच. मी पुन्हा लिहिते, कारण घरातल्या वडीलधाऱ्यांना हे वाक्य छापलेलं दाखवावं लागतं.

शिवाय त्साराअत हा आपल्या अर्थाने आजार होता का, यावरच आपल्या रब्बींनी शंका घेतलीय. पराशाच बघा ना. त्यात त्साराअत कपड्यांवर येतो, चामड्यावर येतो, आणि मेत्सोरामध्ये तर घराच्या भिंतींवर हिरवट-तांबूस डाग पडतात. भिंतीला कुठे रोग होतो? आणि कोहेन घर तपासायला येण्याआधी काय करायचं, तर घरातलं सगळं सामान बाहेर काढायचं, म्हणजे ते अशुद्ध ठरणार नाही. संसर्गाची भीती असती तर नियम नेमका उलटा असता. मिश्ना या रब्बींच्या जुन्या नियमसंग्रहामध्ये 'नेगाईम' नावाचा चौदा अध्यायांचा ग्रंथ फक्त या डागांवर आहे. त्यात म्हटलंय की नवरदेवाच्या अंगावर डाग दिसला, तर लग्नाचे सातही दिवस त्याला तपासायचं नाही. लग्नघरात माणसांची किती गर्दी असते! लागण होणारं काही असतं तर त्याला आधी बाहेर नेलं असतं. आणि सर्वांत मोठी गोष्ट तेराव्या अध्यायाच्या 13व्या ओवीत आहे : डोक्यापासून पायापर्यंत सगळं अंग पांढरं झालं असेल, तर तो माणूस शुद्ध. पुन्हा तेच शब्द, ताहोर हू. रांबाम, म्हणजे मध्ययुगातले थोर रब्बी मायमोनिडीस, स्वतः वैद्य होते, सुलतानाच्या दरबारात औषध द्यायचे. त्यांनी लिहून ठेवलंय की त्साराअत हे एक नाव अनेक गोष्टींना दिलेलं आहे आणि ती निसर्गाच्या चालीतली गोष्ट नव्हती, इस्राएलात दाखवलेली खूण होती.

'तामे' (अशुद्ध) आणि 'ताहोर' (शुद्ध) या शब्दांचंही तेच. मराठीत अशुद्ध म्हटलं की डोळ्यांपुढे घाण येते, पाप येतं. पण हाच पराशा सुरू कुठून होतो? बाळंतिणीपासून. बाराव्या अध्यायात मूल जन्माला घालणारी आई तामे आहे. घरातल्या मयताला शेवटची आंघोळ घालणारा, खांदा देणारा माणूसही तामे होतो, आणि मृताची सेवा तर आपल्याकडे सर्वांत निर्मळ मित्स्वा, म्हणजे धर्मकर्तव्य, मानली जाते, कारण परतफेड करायला तो माणूस उरलेला नसतो. आपल्या मराठी घरांना हे समजावणं सोपं आहे : शेजारीपाजारी सोयर-सुतक पाळतात तेव्हा बाळाला किंवा आजोबांना कोणी घाण म्हणत नाही. तो काळ वेगळा धरायचा, इतकंच. तामे त्या जातीचा शब्द आहे.

आता कठीण ओव्यांकडे येते. त्या लपवू नका, त्याने त्या वाचल्याच आहेत. 45 आणि 46. मेत्सोराने, म्हणजे त्साराअत असलेल्या माणसाने, कपडे फाडावेत, केस मोकळे सोडावेत, ओठ झाकावेत, 'तामे, तामे' असं ओरडावं आणि छावणीबाहेर एकटं बसावं. ओठांवर डाग असलेल्या मुलाने 'ओठ झाकावेत' वाचलं तेव्हा त्याला काय वाटलं असेल, या विचाराने मी तुमचं पत्र दोनदा बाजूला ठेवलं. इथे तोरा कठोर आहे, ती मऊ असल्याचा आव मी आणणार नाही. पण तल्मूदमधल्या, म्हणजे मिश्नावर चर्चा करणाऱ्या रब्बींनाही ही ओवी टोचली होती. त्यांनी विचारलं, तो ओरडतो कशासाठी? आणि उत्तर दिलं : आपलं दुःख चारचौघांना कळावं आणि चारचौघांनी त्याच्यासाठी दया मागावी म्हणून. लोकांनी पळावं म्हणून नव्हे. 'रहमीम' मागावी म्हणून. मुंबईतलं आपलं सगळ्यांत जुनं सिनेगॉग, 1796 मध्ये बांधलेलं, ज्याला आपले जुने लोक 'जुनी मशीद' म्हणत आले, त्याचं नाव शाअर हारहमीम, दयेचं दार. तोच शब्द.

काकांच्या बोलण्याला मात्र मी जरा सविस्तर उत्तर देते, कारण ते अर्धवट खरं आहे आणि अर्धवट खरं मुलाच्या मनात काट्यासारखं रुततं. हो, रब्बींनी त्साराअत आणि 'लाशोन हारा', म्हणजे पाठीमागे वाईट बोलणं, यांचा संबंध जोडलाय. मोशेची बहीण मिर्याम त्याच्याबद्दल बोलली आणि तिचं अंग बर्फासारखं पांढरं झालं, ही गोष्ट तोराच्या बामिदबार या पुस्तकात आहे. तल्मूदच्या आराखिन या भागात तर सात कारणं दिलीत. चहाडी त्यातलं एक. खून, खोटी शपथ, गर्व, चोरी हीसुद्धा आहेत, आणि शेवटचं कारण आहे कोता डोळा, आपलं दुसऱ्याला न देववणारा. पण ही सगळी चर्चा त्या जुन्या त्साराअतची आहे, जो कोहेनने ठरवायचा होता. आज कोणी कोणाला मेत्सोरा ठरवत नाही. आणि एखाद्या दुखण्याकडे बोट दाखवून 'तुझ्या पापाचं फळ' म्हणणं? त्यावर तल्मूदने स्पष्ट बंदी घातलीय. त्याच्या बावा मेत्सिया या भागात, शब्दांनी दुखावण्याच्या पापाची उदाहरणं देताना म्हटलंय : कोणावर दुःख आलं, आजार आला, तर इयोबाचे मित्र इयोबाशी बोलले तसं त्याच्याशी बोलू नये. निर्दोष असून संकटात सापडलेल्या इयोबाला त्याचे मित्र काय म्हणाले होते? आठव, निर्दोष माणसाचा कधी नाश झालाय का? म्हणजे काका जे बोलताहेत, नेमकं तेच.

काकांना हे उर्मटपणे सांगू नका. पण सांगा. घरच्यांपैकी जो त्यांच्या वयाचा असेल त्याने सांगावं, आणि मुलाच्या देखत सांगावं. मुलाच्या माघारी त्याची बाजू घेणं पुरत नाही, त्याच्या कानांनी ते ऐकायला हवं.

मिर्यामची गोष्ट अर्ध्यावर सोडू नका. काकांनी ती अर्ध्यावर सोडलीय. मोशेने तिच्यासाठी पाच शब्दांची प्रार्थना केली, सगळ्या तोरात इतकी लहान प्रार्थना क्वचितच सापडेल : एल ना रफा ना लाह. देवा, तिला बरं कर. ती सात दिवस छावणीबाहेर राहिली, आणि ओवी सांगते की मिर्याम परत येईपर्यंत लोक पुढे निघाले नाहीत. सगळी छावणी, लाखो माणसं, तंबू, गुरं, सगळं थांबून राहिलं.

सासूबाईंवर चिडू नका. त्यांच्या वयाच्या बायकांनी काय पाहिलंय ते मला ठाऊक आहे. माझ्या आत्याला कोड होतं. आम्ही अलिबागकडचे. तिच्या धाकट्या बहिणीच्या मेंदीला तिला आतल्या खोलीत बसवलं, कारण पाहुण्यांना दिसलं तर दुसऱ्या मुलींची लग्नं अडतील. घरच्यांच्या मनात दुष्टावा नव्हता, भीती होती. ती पुढे सत्तर वर्षं जगली आणि कुठल्याही फोटोत तिने हात वर ठेवले नाहीत, कायम पदराखाली. दर वर्षी ती सिनेगॉगमध्ये बायकांच्या बाजूला बसून हा पराशा ऐकायची. हिब्रू तिला कळत नव्हतं. 'बोहक हू, पाराह बाओर, ताहोर हू' तिने सत्तर वेळा ऐकलं असेल. तिला कोणीही सांगितलं नाही की हे तुझ्याबद्दल आहे. मी सुद्धा नाही. मी मुलांना हिब्रू वाचायला शिकवू लागले तोवर ती गेली होती. म्हणून तुमचं पत्र आल्यावर मी बाकीची पत्रं मागे ठेवली.

आता तुमचा खरा प्रश्न, तारीख. माझं मत विचाराल तर आधी मुलाला विचारा, पण सगळं सांगून झाल्यावर. आज विचाराल तर तो घाबरून 'बदला' म्हणेल, किंवा तुमच्याकडे बघून उगाच शूर होऊन 'नको' म्हणेल. दोन्ही उत्तरं त्याची नसतील. महिनाभर त्याच्याबरोबर हा पराशा वाचा, मग विचारा.

आणि त्याने 'नको' म्हटलं तर मनापासून नको. तेराव्या वाढदिवसानंतर मुलगा बार मित्स्वा होतो तो वयाने होतो, समारंभाने नाही. कुठल्याही पुढच्या शब्बाथला त्याला तोरावर बोलावता येईल. पुढच्याच आठवड्यात साधारणपणे आहारे मोत आणि केदोशीम हे पराशे एकत्र येतात, ज्यात 'बहिऱ्याला शाप देऊ नकोस, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नकोस' आहे आणि 'शेजाऱ्यावर आपल्यासारखं प्रेम कर' ही ओवी आहे. त्या पराशाच्या आधीच्या सोमवारी किंवा गुरुवारी सकाळी, दहा-पंधरा माणसांत, छोटंसं वाचनही होऊ शकतं. काही मुलांना मोठी गर्दीच नको असते, त्याचा कोडाशी संबंधही नसतो. फक्त एक करा : तारीख बदलली तर कारण त्याला कळू दे की त्याने निवडलं म्हणून. आजीला लाज वाटली म्हणून नव्हे.

तो 'हो' म्हणाला तर पुढची तयारी अशी.

दोन्ही पराशे मिळून 157 ओव्या आहेत, ताझ्रियाच्या 67 आणि मेत्सोराच्या 90. हे सगळं एका मुलाने वाचायची गरज नाही. बहुतेक मुलं माफ्तीर (पराशाच्या शेवटच्या काही ओव्या) आणि हफ्तारा (त्याला जोडलेला संदेष्ट्यांच्या पुस्तकांतला भाग) म्हणतात. पण हज्जानांशी बोलून बघा की एखादा भाग सेफेरमधून, म्हणजे तोराच्या गुंडाळीतून, त्याला वाचायला देता येईल का. पराशे जोडून येतात तेव्हाच्या रूढ विभागणीत दुसरी आलिया, म्हणजे एकेकाला बोलावून वाचायचा तुकडा, तेराव्या अध्यायाच्या 24व्या ओवीपासून 39व्या ओवीपर्यंत असते. म्हणजे ती नेमकी 'ताहोर हू' वर संपते. वाचणारा तिथे थांबतो आणि ज्याला बोलावलंय तो नंतरची बेराखा, म्हणजे आशीर्वचन, म्हणतो. पराशे वेगवेगळ्या शब्बाथला येतात त्या, ज्यू पंचांगाच्या लीप वर्षी हीच ओवी पाचव्या आलियाचा शेवट असते. ही विभागणी ज्यांनी केली त्यांच्या मनात काय होतं मी सांगू शकत नाही, पण वाईट बातमीवर आलिया संपवायची नाही ही जुनी रीत आहे, आणि इथे शेवट बोहकवर केलाय.

हफ्ताराची गोष्ट तर मुलाला नक्की आवडेल. पराशे जोडून आल्यावर मेत्सोराचा हफ्तारा म्हणतात, राजांच्या दुसऱ्या पुस्तकातला. शोमरोनला अरामी सैन्याचा वेढा पडलाय, शहरात अन्नाचा कण नाही. वेशीबाहेर चार मेत्सोरा बसलेत, ज्यांना शहरात जागा नाही. ते आपसात म्हणतात, आत गेलो तर उपासमारीने मरू, इथे बसलो तरी मरू, चला शत्रूच्या छावणीतच जाऊ. जातात तर छावणी रिकामी! सैन्य रात्री पळालेलं, अन्न, घोडे, सोनं सगळं तसंच. ते खातात, पितात, थोडं लपवतातही, आणि मग एकमेकांना म्हणतात : आपण हे बरोबर करत नाही, आजचा दिवस आनंदाच्या बातमीचा आहे आणि आपण गप्प बसलोय. ते परत जाऊन ज्या शहराने त्यांना बाहेर ठेवलं त्याच शहराला वाचवतात. राजा नाही, सेनापती नाही, चार बाहेर बसवलेली माणसं. त्या शनिवारी रोश होदेश (महिन्याची सुरुवात) किंवा दुसरा काही खास शब्बाथ नाही ना, तेवढं विचारून घ्या, कारण तसं असेल तर हफ्तारा बदलतो.

बार मित्स्वाच्या भाषणात काय बोलावं यासाठी त्याला नेगाईमचा दुसरा अध्याय दाखवा. मला त्या ग्रंथातला सगळ्यांत सुंदर भाग हाच वाटतो. डाग कधी तपासायचा? भल्या पहाटे नाही, संध्याकाळी नाही, घरात नाही, ढगाळ दिवशी नाही, कारण अशा वेळी फिकट डाग भडक दिसतो. भर दुपारीही नाही, कारण तेव्हा भडक फिकट दिसतो. म्हणजे एका माणसाच्या कातडीबद्दल एक शब्द उच्चारायचा तर उजेड बरोबर हवा, वेळ बरोबर हवी, पाहणारा जाणकार हवा आणि अधिकार असलेला हवा. बाकी कोणालाही बोलायची मुभा नाही. तेराव्या अध्यायात 'कोहेनने पाहिलं' हे क्रियापद किती वेळा येतं ते त्याला मोजायला लावा. शाळेत, बसमध्ये, लग्नात त्याच्याकडे एक नजर टाकून मत देणाऱ्या सगळ्या माणसांनी हा अध्याय वाचायला हवा.

आणि त्याच अध्यायाच्या पहिल्याच मिश्नात प्रश्न येतो की काळ्या माणसावर डाग जास्त उठून दिसतो आणि गोऱ्यावर कमी, मग कोणाची कातडी प्रमाण धरायची? रब्बी यिश्माएल म्हणतात, बेने इस्राएल बॉक्सवुडच्या लाकडासारखे आहेत, काळे नाहीत, गोरे नाहीत, मधले. हे म्हणताना मध्येच ते एक उद्गार काढतात : 'बेने यिस्राएल, अनी कापरातान'. शब्दशः, त्यांचं प्रायश्चित्त मी होईन. मराठी आईला हे वेगळं समजवावं लागत नाही. माझा जीव यांच्यावरून ओवाळून टाकीन, असंच ते आहे. कातडीच्या रंगावर कायदा सांगताना मध्येच एका रब्बीला इतकी माया दाटून येते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा आपलं नाव वाचून थबकले होते. त्यांनी सगळ्या इस्राएली लोकांबद्दल म्हटलंय हे मला माहीत आहे, पण नवगावच्या किनाऱ्यावर उतरलेल्या आपल्या पूर्वजांच्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या 'शनिवार तेल्यां'च्या लेकरांनी ते आपलंही मानलं तर काय बिघडलं?

हातांबद्दल तुम्ही लिहिलंत की सेफेर वाचताना सगळ्यांच्या नजरा त्याच्या हातांवर जातील. खरं आहे. चांदीची 'याद', म्हणजे ओळ दाखवायची काडी, हातात धरून तो ओळीवरून फिरवेल तेव्हा हात दिसणारच. हातमोजे किंवा रंग लावण्याचा विचार असेल तर तो त्याच्यावर सोडा. लावला तर लावू दे, त्यात कमीपणा नाही. फक्त त्याला तोराच्या शेमोत या पुस्तकातल्या चौथ्या अध्यायाची गोष्ट सांगून ठेवा : देवाने मोशेला पाठवताना हात छातीशी घालायला सांगितला, बाहेर काढला तर तो बर्फासारखा पांढरा. पुन्हा घातला, पूर्ववत झाला. पण क्षणभर का होईना, ज्या हाताने पुढे तोरा लिहिली गेली असं आपण मानतो, तो हात पांढरा होता.

त्या दिवशी प्रवचन कोण देणार ते आधी विचारा आणि त्या व्यक्तीला स्पष्ट सांगा की 'चहाडीची शिक्षा' हा विषय या वर्षी नको. दरवर्षी या पराशाला तेच प्रवचन होतं, ते बोलणाऱ्याच्या लक्षातही येणार नाही. इथे संकोच करू नका. मुलाचं मन जपायला आईने एक फोन करणं अगदी योग्य आहे.

तुमच्या नवऱ्याबद्दल एकच ओळ आहे पत्रात. 'काहीच बोलत नाही.' मला वाटतं त्यांनाही तोच प्रश्न पडलाय जो मुलाला पडला, आणि उत्तर नाही म्हणून ते गप्प आहेत. त्यांना बोलायला लावू नका. हफ्ताराची चाल शिकायला मुलाबरोबर त्यांनाही बसवा. रोज रात्री वीस मिनिटं, दोघं. ते चार माणसांच्या गोष्टीपर्यंत पोहोचतील तेव्हा कदाचित बोलतील. मुलगा झोपत नसेल, शाळा टाळत असेल, जेवण सोडत असेल, तर समुपदेशकाकडे न्या, पराशाची वाट पाहू नका.

मालिदा आधी करा, असं माझं सांगणं आहे. बार मित्स्वाच्या आठवड्यातच, घरी. पोह्यांचं ताट, नारळ, साखर, फळं, आणि एलियाहू हन्नाबी (एलिया संदेष्टा) यांचं नाव. आपण प्रत्येक शुभ कामाआधी त्यांना बोलावतो, आणि तल्मूदमध्ये याच एलियाहूंना एक रब्बी विचारतात की मशियाह, म्हणजे येणारा तारणहार, कुठे भेटेल. एलियाहू सांगतात, शहराच्या वेशीवर, आजारी गरिबांमध्ये बसलाय. ओळखायचा कसा? बाकीचे आपल्या जखमा एकदम सोडतात आणि एकदम बांधतात, तो मात्र एकेक सोडतो, एकेक बांधतो, म्हणजे हाक आली तर उशीर होऊ नये. ताट ठेवताना मुलाला ही गोष्ट आजीच्या तोंडून ऐकू दे. सासूबाईंना तुम्ही आदल्या दिवशी सांगा, म्हणजे त्यांना ती त्याला सांगता येईल. त्यांनाही काहीतरी करायला हवंय, ताई. तारीख बदलणं एवढंच त्यांना सुचलं.

मुलाने काय ठरवलं ते मला कळवा. दुसरा शनिवार निवडला तरी कळवा. आणि हाच निवडला, तर त्याला सांगून ठेवा की 39व्या ओवीशी घाई करायची नाही. 'ताहोर हू' पूर्ण म्हणायचं, याद तिथेच ठेवायची, बेराखा संपेपर्यंत.